ढगांची उत्तर कड: ठाण्यात बसून उपग्रह चित्रांत जेट स्ट्रीम ओळखायची कशी

ठाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. भूगोलाच्या पुस्तकात निळ्या त्रिकोणांच्या रेषेने दाखवतात ती शीत आघाडी, म्हणजे उबदार हवेला ढकलत येणाऱ्या थंड हवेची पुढची सीमा, इतक्या दक्षिणेला सहसा पोचत नाही. पण त्या आघाडीला वरून हाकणारा वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, डिसेंबर ते मार्चमध्ये राजस्थान-दिल्लीच्या पट्ट्यात असतो आणि त्याच्या खुणा आपल्यापर्यंत येतात. येऊरच्या डोंगरावर पसरलेले केसासारखे ढग, जानेवारीत अचानक बोचरा होणारा वायव्येचा वारा, कधी आकाश पांढुरकं करून टाकणारी धूळ, तर कधी अवकाळी पावसाची सर. हे कुठून आलं ते उपग्रह चित्रात एक-दोन दिवस आधी दिसू शकतं. कुठे बघायचं आणि कशाला फसायचं नाही, एवढं माहीत हवं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. जेट स्ट्रीम म्हणजे वारा आणि वारा चित्रात दिसत नाही. दिसते ती त्याने कापलेली कड. चित्रात जेट शोधू नका, कड शोधा.

कशाबद्दल बोलतोय

६० नॉटपेक्षा वेगवान, लांबच लांब आणि अरुंद अशा वरच्या वाऱ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. मराठीत झोतवारे हाही शब्द आहे. आपल्याला हिवाळ्यात भेटतो तो उपोष्ण पश्चिमी जेट. उत्तर भारतावर तो साधारण २५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात, सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, हवेचा दाब २०० हेक्टापास्कल असतो त्या पातळीला सापडतो. शंभर नॉट म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. हा वेग तिथे हिवाळ्यात नेहमीचाच. या प्रवाहात दक्षिणेकडे वाकलेली घडी पडते तिला द्रोणी म्हणायचं. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी झंझावात या द्रोणींबरोबरच येतात. त्यामुळे सरावासाठी डिसेंबर ते मार्च हेच महिने धरा. जूनमध्ये हा जेट तिबेटच्या पठाराच्या उत्तरेला सरकतो आणि चित्र पार बदलतं. त्याबद्दल शेवटी.

तयारी

भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उपग्रह विभागात इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस यांची चित्रं मिळतात. पहिला ७४ अंश पूर्वेवर आहे, दुसरा ८२ अंशांवर. प्रत्येक उपग्रहाचं नवं चित्र अर्ध्या तासाने येतं. संपूर्ण पृथ्वीगोलाऐवजी आशियाचा तुकडा निवडा. रोज तीन चित्रं लागतील: बाष्पाचं, इन्फ्रारेड (उष्णता टिपणारं) आणि दृश्य (सूर्यप्रकाशातलं). विभागाच्या ‘रॅपिड’ या साधनात चित्रावर अक्षांश-रेखांशाची जाळी टाकता येते आणि ढगमाथ्याचं तापमान वाचता येतं. ते वापरायला पहिल्या दिवसापासून शिका.

इराणच्या पलीकडचं नीट पाहायचं तर ४५.५ अंश पूर्वेवरचा युरोपचा मीटिओसॅट बरा. आपल्या उपग्रहांना तो भाग फार तिरका दिसतो. पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आघाडी बघायची असेल तर जपानच्या हिमावारीची चित्रं उघडा. हिवाळ्यात जपानजवळचा जेट जगातल्या सर्वात जोरदार जेटपैकी असतो आणि तिथल्या खुणा नवख्यालाही चटकन दिसतात. पहिले आठ दिवस तिथे डोळा तयार करून मग राजस्थानकडे वळलात तर काम निम्मं होईल.

चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. ००:०० म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, ०६:०० म्हणजे सकाळचे साडेअकरा. नवख्यांच्या निम्म्या चुका इथेच होतात. संध्याकाळचं म्हणून पाहिलेलं चित्र दुपारचं निघतं आणि पुढची सगळी मापं चुकतात.

पायरी १: बाष्पचित्रापासून सुरुवात

बहुतेक जण आधी दृश्य चित्र उघडतात, कारण ते फोटोसारखं दिसतं. आमचा आग्रह बाष्पचित्राचा. ६.८ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचं हे चित्र जमिनीजवळचं काहीच दाखवत नाही. त्यात प्रामुख्याने ४ ते ९ किलोमीटर उंचीच्या थरातला ओलावा दिसतो. जेटचा परिणाम तिथेच सर्वात स्वच्छ उमटतो.

करड्या छटांचं चित्र घ्या, रंगीत नको. उजळ म्हणजे वरच्या थरात ओलावा किंवा ढग, गडद म्हणजे कोरडी हवा. आता पश्चिम-पूर्व धावणारी अशी सीमा शोधा की जिच्या उत्तरेला गडद पट्टा आणि दक्षिणेला उजळ पट्टा आहे. छटा हळूहळू बदलत असेल तर सोडून द्या. सुरीने कापल्यासारखी बदलत असेल आणि हजारभर किलोमीटर सलग असेल, तर जेटचा अक्ष त्या सीमेला लागूनच आहे. कारण साधं आहे. जेटच्या उत्तर अंगाला वरची कोरडी हवा खाली उतरते, तर दक्षिण अंगाला उष्ण कटिबंधाकडून आलेली ओलसर हवा पसरलेली असते. वेगवान वारा दोघींना मिसळू देत नाही.

ती सीमा कागदावर उतरवा. अक्षांश-रेखांशाचे पाच-सहा बिंदू पुरतात. मग सहा तासांपूर्वीचं चित्र उघडून पुन्हा तेच करा. गडद पट्टा आणखी काळा होत असेल आणि दक्षिणेकडे जिभेसारखा उतरत असेल, तर द्रोणी खोल होते आहे असं समजा.

इथे एक सक्त सूचना. बाष्पचित्रात गडद म्हणजे आकाश निरभ्र, असं कधीही म्हणू नका. त्या काळ्या पट्ट्याखाली गंगेच्या मैदानात दाट धुकं बसलेलं असू शकतं. ते या चित्राला दिसतच नाही.

पायरी २: इन्फ्रारेडमधली कड

आता १०.८ मायक्रॉनचं इन्फ्रारेड चित्र. जेटच्या दक्षिण अंगाला सिरस, म्हणजे उंचावरच्या केसासारख्या ढगांची चादर दिसेल. तिच्या दोन्ही कडा नीट पाहा. उत्तरेची कड सरळ किंवा किंचित बाक घेतलेली, पण रेखीव असते. दक्षिणेची कड विस्कटलेली असते, जुन्या गोधडीच्या दशा सुटाव्यात तशी. हा फरक दिसला की खूण पटली. जेटचा अक्ष या उत्तर कडेवर नसतो, तो तिच्याही थोडा उत्तरेला, साधारण एक अंश, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर असतो. पायरी १ मधली रेषा आणि ही कड शेजारी-शेजारी यायला हव्यात. दोघींत तीन-चार अंशांचं अंतर पडत असेल तर दोहोंपैकी एक वाचन चुकलं आहे.

त्याच चादरीत कधीकधी कंगव्याच्या दातांसारखे बारीक पट्टे दिसतात, वाऱ्याच्या दिशेला आडवे. हे आडवे पट्टे ८० नॉटच्या वरच्या वाऱ्याची आणि विमानांना हादरे देणाऱ्या खळबळीची खूण मानतात. पट्टे आडवे असले तरी वारा चादरीच्या लांबीनेच वाहतो, हे विसरू नका. नवखे लोक पट्ट्यांची दिशा हीच वाऱ्याची दिशा धरतात आणि नव्वद अंशांनी चुकतात.

ढगमाथ्याचं तापमान वाचा. दाट सिरस उणे ४० ते उणे ६० अंशांपर्यंत जातो. पातळ सिरसमधून खालच्या जमिनीची ऊब उपग्रहापर्यंत पोचते, म्हणून तो उणे १५-२० इतका ‘गरम’ दिसतो आणि मधल्या उंचीचा ढग वाटतो. तो गरम नसतो, विरळ असतो.

पायरी ३: दृश्य चित्रात सावली

सकाळी साडेआठ-नऊचं किंवा संध्याकाळी साडेचारचं चित्र घ्या. सूर्य तिरका असताना सिरसच्या चादरीची सावली खालच्या ढगांवर किंवा वाळवंटावर पडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे सावली कडेच्या उत्तरेला, सकाळी वायव्येकडे, एका काळसर रेघेसारखी दिसते. रेघ दिसली की चादर उंचावर आहे आणि तिची कड खरी आहे, याचा पुरावा मिळाला. ही रेघ दरवेळी दिसत नाही. नाही दिसली तरी पुढे जा.

पायरी ४: वेग मोजा

हे करून पाहिल्याशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही. ६० नॉट म्हणजे तासाला ६० सागरी मैल आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. म्हणून तासाला एक अंश अक्षांशाएवढं अंतर कापणारा ढग ६० नॉटच्या वाऱ्यात आहे. जेटचा उंबरठाही तोच. ही खूणगाठ बांधून ठेवा.

समजा, ०५:०० यूटीसीला सिरसचा एक ठळक धागा २६ अंश उत्तर, ६६ अंश पूर्वेवर आहे. ०६:०० ला तोच धागा २६.५ उत्तर, ६७.९ पूर्वेवर आला. २६ अंशांवर रेखांशाचा एक अंश सुमारे १०० किलोमीटरचा, म्हणजे पूर्वेकडे १९० किलोमीटर. अक्षांशाचा अंश १११ किलोमीटरचा, म्हणजे उत्तरेकडे साधारण ५५. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ केलं की १९८ किलोमीटर. ताशी १९८ किलोमीटरला १.८५ ने भागा: १०७ नॉट, नैऋत्येकडचा पश्चिमी वारा.

धागा निवडताना काळजी घ्या. दोन्ही चित्रांत आकार टिकवणारा, एकटा, छोटा धागा हवा. चादरीची कड मोजू नका, कारण ढग वाढल्यानेही कड पुढे सरकते आणि तो वाऱ्याचा वेग नसतो. हिमालय किंवा हिंदुकुशच्या वाऱ्याआडच्या बाजूला तयार होणारे लहरींचे ढग तर जागचे हलतच नाहीत. शंभर नॉटचा वारा त्यांच्यातून आरपार जात असतो, पण मोजलं तर वेग शून्य येतो.

पायरी ५: आघाडी आणि जेट यांचं नातं

आता मुख्य काम. आघाडीचा ढगपट्टा दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: जेट या पट्ट्याला समांतर आहे की त्याला छेदून जातो?

समांतर असेल, म्हणजे जेट ढगपट्ट्याच्या मागच्या, वायव्येच्या कडेने धावत असेल, तर पट्टा रुंद, सलग आणि उजळ असतो. उबदार हवा आघाडीच्या मागेही वर चढत राहते. अशी आघाडी जोमदार. जमिनीवरची आघाडी पुढे निघून गेली तरी पाऊस रेंगाळतो.

जेट मोठ्या कोनात पट्टा ओलांडत असेल तर वरची कोरडी हवा आघाडीच्या डोक्यावरून पुढे जाते आणि उंच ढग छाटून टाकते. चित्रात उंच ढगांची मागची कड पुढे पळालेली दिसते. तिच्या मागे फक्त बुटक्या ढगांची अरुंद दोरी उरते आणि जमिनीवरची आघाडी त्या दोरीपाशी असते. इथे हमखास फसगत होते. इन्फ्रारेडमध्ये उजळ दिसते ती उंच ढगांची कड, म्हणून लोक आघाडी तिथे काढतात आणि ती प्रत्यक्षाहून कितीतरी पुढे पडते. दृश्य चित्र उघडून बुटकी दोरी शोधली की रेषा जागेवर येते. ही आघाडी कोरडी असते. वारा बदलतो, पाऊस मात्र जेमतेम.

आघाडी जन्माला येत असतानाचा आकारही ओळखायला शिका. आंब्याच्या पानासारखा लांबट ढग, त्याची उत्तर कड इंग्रजी ‘एस’सारखी हलकी वळलेली आणि जेट त्या कडेला लागून. पुढच्या १२ ते २४ तासांत पानाच्या मागच्या बाजूने कोरडी हवा खाच पाडू लागली की पानाचा स्वल्पविराम होतो. डोकं उत्तरेला, शेपटी दक्षिणेला. खाच बाष्पचित्रात काळी दिसते. खाच वाढते आहे म्हणजे प्रणाली जोर धरते आहे. पूर्ण विकसित प्रणालीत, जिथे शीत आघाडीने उष्ण आघाडीला गाठलेलं असतं, त्या सांध्याजवळ जेट ढगपट्टा ओलांडतो. सांधा नेमका सापडत नसेल तर जेटची रेषा काढा, तीच तुम्हाला तिथे नेईल.

आणखी एक बारकावा. जेटमध्येही वेग सगळीकडे सारखा नसतो, मधेच एखादा तुकडा जास्त वेगवान असतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलात तर त्या तुकड्याच्या पुढच्या टोकाची डावी बाजू आणि मागच्या टोकाची उजवी बाजू, या दोन ठिकाणी हवा वर उचलली जाते. त्या जागी ढगमाथे दर अर्ध्या तासाला थंड होत असतील तर तो योगायोग नव्हे.

पायरी ६: पडताळा

फक्त चित्रावर विसंबून निर्णय देऊ नका. ००:०० आणि १२:०० यूटीसीच्या सुमारास देशभर हवामानाचे फुगे सोडतात. वायोमिंग विद्यापीठाच्या पानावर त्यांच्या मोजमापांची कोष्टकं केंद्राच्या क्रमांकाने मिळतात: दिल्ली ४२१८२, जोधपूर ४२३३९, अहमदाबाद ४२६४७, मुंबई ४३००३. कोष्टकात २०० हेक्टापास्कलच्या ओळीतली दिशा आणि वेग वाचा आणि पायरी ४ मधल्या आकड्याशी ताडून पाहा. १५-२० नॉटचा फरक चालेल. दिशा ४० अंशांनी चुकत असेल तर तुम्ही वेगळाच ढग मोजला आहे.

जमिनीवर आघाडी गेली का हे विमानतळांच्या मेटारमधून, म्हणजे सांकेतिक हवामान-अहवालातून कळतं. वाऱ्याच्या पाच अंकांतले पहिले तीन दिशा, नंतरचे दोन वेग. ३२०१२ म्हणजे वायव्येकडून १२ नॉट. वारा दक्षिणेचा वायव्येला वळला, दवबिंदू घसरला (म्हणजे हवा कोरडी झाली) आणि दाब चढू लागला, या तिन्ही गोष्टी काही तासांत घडल्या तरच आघाडी गेली म्हणा.

कुठे चुकतं

सर्वात मोठी चूक म्हणजे जेटच्या सिरसला आघाडी समजणं. अरबी समुद्रातून गुजरात, राजस्थानवरून हिमालयापर्यंत एकच पांढरा पट्टा पसरतो. चित्र भव्य दिसतं आणि लगेच ‘मोठी सिस्टीम येतेय’ असे संदेश सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला लागतात. दृश्य चित्रात त्या पट्ट्यातून खालची किनारपट्टी दिसते का ते बघा. खंबातचं आखात आरपार दिसत असेल तर तो नुसता सिरस आहे, पावसाचा थेंब पडणार नाही. पट्ट्याला डोकं-शेपटी नसणं आणि अहमदाबादच्या वाऱ्यात काहीच बदल नसणं, या आणखी दोन खुणा.

हिमालयातलं बर्फ दृश्य चित्रात ढगासारखंच पांढरं दिसतं. सलग चार चित्रं फिरवा. बर्फ हलत नाही आणि दऱ्यांची नक्षी झाडाच्या फांद्यांसारखी दिसते. रंगीत इन्फ्रारेड चित्रात लाल म्हणजे भीषण, असंही नसतं. प्रत्येक संस्थेची रंगपट्टी वेगळी असते, आधी कडेची पट्टी वाचा. उंच ढग उपग्रहापासून दूरच्या दिशेला थोडे सरकलेले दिसतात हेही लक्षात असू द्या. ३५ अंशांवर, १२ किलोमीटर उंच ढगासाठी हा फरक १०-११ किलोमीटरचा. जेटसाठी नगण्य, पण अमुक ढग अमुक दरीवरच आहे असं म्हणताना महत्त्वाचा.

आपल्यावर काय होतं

२३ जानेवारी २०२२ ची चित्रं काढून बघा. पश्चिमी झंझावाताबरोबरच्या जोरदार वाऱ्यांनी पाकिस्तानकडची धूळ उचलली आणि ती सौराष्ट्र आणि अरबी समुद्रावरून मुंबई-ठाण्यापर्यंत आली. गाड्यांवर पांढरी भुकटी बसली आणि मुंबईत त्या दिवशी कमाल तापमान जेमतेम २४ अंशांपर्यंत गेलं. अशी धूळ नेहमीच्या इन्फ्रारेडमध्ये सहज कळत नाही. दृश्य चित्रात समुद्रावर राखाडी पडद्यासारखी दिसते आणि मीटिओसॅटच्या धुळीसाठी केलेल्या रंगचित्रात गुलाबी. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांतला अवकाळी पाऊस वेगळ्या जातीचा: द्रोणी दक्षिणेपर्यंत उतरलेली आणि अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. बाष्पचित्रात समुद्रावरचा उजळ ओलावा थेट द्रोणीच्या पुढच्या अंगाला जोडला गेलेला दिसला तर कोकणात छत्री बाहेर काढावी लागते. तो जोड नसेल तर आपल्या वाट्याला फक्त सिरस आणि दोन दिवसांनी गारठा.

पावसाळ्यात हे सगळं उलटं वाचायचं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर पूर्वेचा जेट असतो, १४ ते १६ किलोमीटर उंचीवर. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. तेव्हा इथे आघाड्या नसतात. मोठ्या ढगांचे माथे पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने ओढले जातात. पूर्वेची कड रेखीव, पश्चिमेची विरळ. खाली पाऊस आणणारा वारा मात्र नैऋत्येचा. त्यामुळे ढगमाथे ज्या दिशेला पळताना दिसतात त्या दिशेला पाऊस सरकतोय असं समजू नका.

गच्चीवरचा सराव

जानेवारीत डोक्यावर सिरस असेल त्या सकाळी गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीच्या पाइपाचं किंवा अँटेनाचं टोक आणि अगदी माथ्यावरचा एखादा सिरसचा धागा एका रेषेत धरा आणि जागचे हलू नका. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. धाग्याला मूठभर अंतर कापायला किती सेकंद लागले ते मोजा. ढग १० किलोमीटर उंचीवर धरला तर एक मिनिटाच्या आत म्हणजे ६० नॉटच्या वर, ३५ सेकंदांच्या आसपास म्हणजे शंभर नॉट. क्षितिजाजवळचा ढग घेऊ नका, तिथे हे गणित लागू पडत नाही. धागा कुठून कुठे गेला ती दिशा लिहा. मग साडेअकराचं, म्हणजे ०६:०० यूटीसीचं चित्र आलं की ठाण्यावरचा तोच सिरस शोधा, त्याची उत्तर कड कुठल्या अक्षांशावर आहे ते जाळीवर वाचा आणि गच्चीवरच्या आकड्याशेजारी वहीत मांडा.